शिक्षा कशाची?

भोपाळच्या जवाहर चौकात चष्म्याच्या एका दुकानावर लांबट खोली आहे. खाली माणसे लहान-मोठी अक्षरे वाचून आपल्या दृष्टीची परीक्षा देत बसलेली असतात आणि वर, नेमक्या त्यांच्या डोक्यांवर, चामड्याच्या जड पिशव्या झुलत असतात. हिवाळ्यातल्या दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येते, त्यात धूळ तरंगत राहते आणि ठोशांचा आवाज इतक्या सावकाश कानांशी पोचतो, की मारणारा हात आणि झालेला आवाज यांचे काही नाते असावे यावर विश्वास बसत नाही. माझी भाची क्षितिजा त्या खोलीत बॉक्सिंग शिकली.

क्षितिजा ही माझा धाकटा भाऊ नीळकंठ याची एकुलती एक मुलगी. नीळकंठ नागपूरहून इथल्या सरकारी कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून आला आणि निवृत्तीनंतर शहराच्या कडेला, मिसरोदला घर बांधून राहिला. तो इथे आला त्याच्या पाठोपाठ मीही भोपाळच्या एका महाविद्यालयात तौलनिक भाषाशास्त्र शिकवायला आले आणि ज्या विषयाची कोणालाही गरज नव्हती तो विषय, कोणालाही इजा न करता, शिकवून मोकळी झाले.

क्षितिजा अपराजित होती. हे विशेषण मी जपून वापरते, कारण ते तिचे वर्णन नव्हते. तो विक्रीचा माल होता. मालाचे उत्पादक सुधाकरराव, तिचे बॉक्सिंगमधले प्रमोटर. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये खेळाडूने किती लढती जिंकल्या हे फारसे कोणी पाहत नाही. पाहतात ते पराभवाच्या रकान्यातले शून्य. ते शून्य म्हणजे अंडे. प्रमोटरने त्यावर पंख पसरून बसायचे असते. सुधाकरराव प्रतिस्पर्धी शोधत ते एखादे स्थळ शोधावे तसे: घरचे कसे आहेत, वजन किती, दम कुठवर पुरतो. गाडीतून उतरणाऱ्या त्या मुलींच्या चेहऱ्यांवर लग्नाला आलेल्या लांबच्या नातलगांचा भाव असे. जेवायचे, फोटोत उभे राहायचे, परत जायचे.

गेल्या लढतीनंतर क्षितिजा माझ्याकडे आली आणि हातावरच्या पट्ट्या न सोडताच खुर्चीत बसली.

"आत्या, माझा हात पोचायच्या आधीच ती पडली."

"मग?"

"मग काय, मी जिंकले."

घरात चोरी झाली हे सांगावे तशा आवाजात तिने ते सांगितले. मग बराच वेळ ती आपल्या मुठींकडे दुसऱ्याच कोणाच्या तरी वस्तू असल्यासारखी पाहत राहिली.

"मला लढता येतं की नाही, हेच मला माहीत नाही गं. सर कळूच देत नाहीत. एकदा तरी कळायला हवं मला. येत नसेल तर तेही कळू दे."

या मागणीत गैर काहीच नव्हते. म्हणूनच ती पुरवण्याची कोणाला घाई नव्हती.

अशा वेळी कौस्तुभ आला. हा पुण्याचा मुलगा, मृदू आवाजाचा, इस्त्री केलेला. मिश्र युद्धकलेच्या सामन्यांची एक कंपनी नव्याने निघाली होती, तिचा प्रमोटर. या खेळात ठोसे, लाथा, पाडणे, जमिनीवर आवळणे असे सगळे चालते आणि लढत दोरांच्या चौकटीऐवजी जाळीच्या पिंजऱ्यात होते. तो मिसरोदच्या घरी येणार हे कळताच सुधाकररावही, सहज जाता जाता, वाट वाकडी करून येऊन बसले. नीळकंठने दोघांपुढे चिवडा ठेवला आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

"नीळकंठराव, एक लक्षात घ्या," सुधाकररावांनी सुरुवात केली. "आमच्यात पोस्टरवर पोरीचं नाव मोठं असतं. यांच्यात कंपनीचं. पोरगी खाली कोपऱ्यात, बिस्किटाच्या जाहिरातीला खेटून."

"काका, तुमच्या पोस्टरवर तुमचाही फोटो असतो की," कौस्तुभ म्हणाला. "क्षितिजापेक्षा जरा मोठाच."

"तो प्रिंटरनं टाकला! मी नाही म्हणत होतो."

"प्रत्येक वेळी?"

सुधाकररावांनी चिवड्यातला एक शेंगदाणा निवडून घेतला. "आणि पट्टा? पट्टा कुणाचा? आमच्या पोरींनी जिंकलेला पट्टा जगातली संघटना देते. यांचा पट्टा यांचाच. यांनीच शिवायचा, यांनीच द्यायचा, वाटलं की काढून घ्यायचा."

"तुमच्यात संघटना इतक्या आहेत, की एकाच वजनात चार-चार चॅम्पियन असतात, काका. आणि चांगल्या दोघी समोरासमोर यायच्या म्हटलं की तुम्ही प्रमोटर भांडत बसता. कोणाचं नाव आधी, कोणाच्या गावात. तोवर पोरींची वयं होतात. आमच्याकडे दोघीही आमच्याच. आम्ही सांगितलं की लढायचं."

"म्हणजे गोठा झाला तो."

"आणि तुमचं कुक्कुटपालन."

नीळकंठ हसला आणि लगेच खोकला. मी मात्र भारावून ऐकत होते. दोघेही एकमेकांविषयी संपूर्ण सत्य बोलत होते. दोन स्पर्धक व्यापाऱ्यांच्या संभाषणात सत्याचा जो सुकाळ असतो तो मी हयातभर हजेरी लावलेल्या चर्चासत्रांत कधी पाहिला नाही.

क्षितिजाने दोघांनाही एकच प्रश्न विचारला. "समोर कोण असेल?"

"तुला झेपेल अशीच आणीन, बाळा," सुधाकरराव म्हणाले. त्यांच्या आवाजात खरेच माया होती.

"रसिका. इंदूरची," कौस्तुभ म्हणाला. "कुस्तीतून आलीय. मागं हरलीयसुद्धा."

"हरलेली?" सुधाकररावांनी हे इतक्या अविश्वासाने विचारले, की पोरगी मेलेली असून लढायला येणार आहे असे वाटावे.

"हरलेली चालते आमच्यात. लोकांना हरून उठलेली आवडते."

"ती आपण होऊन पडेल?" क्षितिजाने विचारले.

"रसिका?" कौस्तुभला प्रश्नच कळला नाही. "ती पडत नसते. ती पाडते."

कित्येक महिन्यांनी क्षितिजा मोकळेपणाने हसली. सही तिने त्याच बैठकीत केली. सुधाकरराव चहा तसाच ठेवून उठले आणि दारात थांबून, सासरी जाणाऱ्या मुलीला सांगावे तसे म्हणाले, "खोली उघडीच आहे, हो."

पुढचे काही महिने क्षितिजा जमिनीची ओळख करून घेत होती. पडायचे कसे, पडल्यावर कुठे वळायचे, दुसऱ्याचे वजन अंगावर असताना श्वास कसा वाटून वापरायचा. संध्याकाळी ती माझ्याकडे येई तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या असत आणि चालण्यात पाण्यातून चालणाऱ्या माणसाचा संथपणा आलेला असे. ती सुखी दिसत होती.

मग लढतीची घोषणा झाली. ज्या स्टेशनाच्या पाटीवर आता वेगळे नाव आहे आणि ज्याला रिक्षावाले अजून हबीबगंजच म्हणतात, त्याच्या जवळच्या हॉटेलात भर दुपारी पडदे ओढून रात्र केली होती. यंत्रातून पांढरा धूर सोडला होता. निळ्या प्रकाशात खुर्च्या, माणसे, पाण्याच्या बाटल्या जमिनीपासून वीतभर वर तरंगत होत्या आणि दोन्ही मुली त्या ढगात लांबच्या बेटांसारख्या बसल्या होत्या. रसिका ठेंगणी, रुंद खांद्यांची, केस घट्ट वेणीत बांधलेली. ती इंदूरच्या जुन्या मराठी घरातली, हे मला तिच्या आईने नेसलेल्या साडीवरून आणि माझ्याशी बोललेल्या दोन वाक्यांवरून कळले.

कौस्तुभची अपेक्षा साधी होती. क्षितिजाने चिडायचे. बॉक्सिंगमध्ये शून्य विकतात, या खेळात वैर विकतात. शून्य तयार करायला वर्षे लागतात, वैर एका दुपारीत होते. फक्त शिवी द्यायची नाही, कारण बिस्किटवाल्यांना शिवी चालत नव्हती.

अडचण इथेच झाली. क्षितिजा भोपाळच्या रस्त्यांवर वाढली आहे. तिचे हिंदी माझ्या मराठीपेक्षा वाहते आहे आणि त्या हिंदीत रागावण्याची फार संपन्न सामग्री तिच्याजवळ आहे. पण ती सामग्री कराराने काढून घेतल्यावर तिच्याजवळ उरली फक्त तिच्या वडिलांची भाषा. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडली की नीळकंठ जे म्हणे ते. ती माइकजवळ झुकली आणि म्हणाली:

"मैं इसको ऐसी शिक्षा करूँगी कि ज़िंदगी भर याद रखेगी।"

धूर क्षणभर जागच्या जागी थांबला. मग कोणीतरी फिस्सकन हसले आणि सगळे सभागृह हसत सुटले.

मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. दोन्ही अर्थ एकाच संस्कृत धातूच्या पोटी जन्मले आणि नर्मदेच्या दोन तीरांना वाटले गेले. एका तीरावर गुरूचे पुस्तक गेले, दुसऱ्यावर छडी. माझ्या प्रबंधाचे एक प्रकरण याच विषयावर आहे. ते आजवर तीन माणसांनी वाचले असावे आणि त्यांतले दोघे परीक्षक होते. क्षितिजाचे वाक्य संध्याकाळपर्यंत साऱ्या शहराच्या फोनवर होते. पिंजऱ्यातल्या मुलीने प्रतिस्पर्धी मुलीला शिकवून शहाणी करण्याची धमकी दिली होती.

कंपनीने विलंब लावला नाही. क्षितिजा नाहीशी झाली आणि तिच्या जागी 'मास्टरनी' आली. पोस्टरवर तिला काड्यांचा चष्मा घातला, हातात छडी दिली, मागे फळा. फळ्यावर रसिकाचे नाव आणि त्यावर फुली. नाव कंपनीच्या मालकीचे. कंपनी सोडली तर नावही सोडायचे. आणि कौस्तुभने मला फोन केला.

"मॅडम, तुम्ही भाषेतल्या ना? असे अजून शब्द असतील तर सांगा की. म्हणजे, मराठीत एक, हिंदीत भलतंच. कमाल कंटेंट आहे हा!"

"पुष्कळ आहेत," मी म्हणाले. "पण ते मी चर्चासत्रात वाचीन. तिथे ते निदान शांतपणे मरतील."

"हे पण भारी आहे, मॅडम. हे वापरू का?"

मी फोन ठेवला. संतापाचा एक प्रकार असा असतो की त्यात हातपाय थंड पडतात आणि हस्ताक्षर सुधारते. त्या आठवड्यात माझे हस्ताक्षर अतिशय सुंदर येत होते.

एका गोष्टीकडे मात्र माझेही लक्ष गेले नव्हते. त्या दुपारी सभागृहात एक मुलगी हसली नव्हती.

लढतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे वजनाच्या दिवशी, सकाळी तलावावरचे धुके शहरात उतरले होते. हॉटेलात धुराच्या यंत्राची गरज नव्हती, तरी ते लावले होते. बाहेरचे धुके आणि आतला धूर काचेच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना पाहत होते. घरच्यांना मंचाच्या कडेला उभे केले होते. मुली काट्यावर चढल्या, उतरल्या. मग त्यांना नाकाशी नाक लावून उभे केले. क्षितिजाने अशा वेळी छडी टेबलावर आपटायची होती.

तिने छडी उचलली. रसिका तिच्या डोळ्यांत पाहत होती. ती अगदी हळू, मराठीत म्हणाली:

"शिक्षा कशाची गं? मी काय केलं तुझं?"

छडी हवेतच राहिली. कौस्तुभ खालून खुणा करत होता. क्षितिजा मागे वळली आणि कडेला माझ्यापाशी आली.

"आत्या, हिला तो शब्द घरातलाच वाटला. सगळे हसत होते तेव्हा हिला वाटलं, मी खरंच म्हणाले."

"तू खरंच म्हणाली होतीस."

"पण तिनं केलंय काय? काहीच नाही! ती दुखावलीय गं. अशी दुखावलेली मुलगी उद्या माझ्यावर चवताळून आली, नाही तर मनातून खचून आली, तर मला काय कळणार? पुन्हा तेच होणार. माझा हात पोचायच्या आधीच काहीतरी पडलेलं असणार."

तिला काय हवे होते हे त्या सभागृहात तिच्याखेरीज मला एकटीलाच ठाऊक होते. आणि ते मिळण्याची वाट एका शब्दाने अडवली होती, हेही.

"शिक्षेच्या आधी गुन्हा लागतो," मी म्हणाले. "तो नसेल तर शब्द मागे घे."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"शब्द सगळ्यांसमोरच गेला होता."

ती परत गेली. छडी तिने खाली ठेवली, माइक घेतला आणि आपल्या घरात बोलावे तसे मराठीत बोलली.

"रसिका, माझा शब्द चुकला. तू काही केलेलं नाहीस. शिक्षा बिक्षा काही नाही. पण उद्या मी तुला अजिबात सोडणार नाही, आणि तूही मला सोडू नकोस. आपण होऊन तर मुळीच पडू नकोस. पडलीस तर मी तुझ्या घरी इंदूरला येऊन भांडेन."

रसिकाच्या चेहऱ्यावरचे काहीतरी सैल झाले. "मी कशाला पडते?" ती म्हणाली. "तू तुझं बघ, बाई."

आम्ही घरचे आणि कौस्तुभ सोडले तर सभागृहातल्या एकालाही अवाक्षर कळले नाही. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. दुपारी कंपनीने तो व्हिडिओ प्रसिद्ध केला आणि खाली लिहिले, की मास्टरनीने छडी फेकली आणि मराठीत असे काही सुनावले की ते इथे छापता येत नाही. मानवी इतिहासात क्षमायाचनेला इतकी तिकिटे पूर्वी कधी खपली असतील असे मला वाटत नाही.

लढत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच हॉटेलात झाली. नीळकंठ माझ्या शेजारी बसला होता आणि दोन्ही हातांनी माझे एक मनगट धरून होता. चष्मा आणि छडी घेऊन मास्टरनी आली. पिंजऱ्याच्या दारात तिने त्या वस्तू कोणाच्या तरी हाती दिल्या आणि आत क्षितिजा गेली.

पहिली फेरी तिची होती. इतके सुंदर काही मी तिच्याकडून पाहिले नव्हते. जवाहर चौकातल्या त्या खोलीतले ऊन तिने बरोबर आणले होते. हात निघत, पोचत, परत येत, आणि रसिका पडत नव्हती. ठोसे तिला लागत होते, ती डोके झटकून पुन्हा पुढे येत होती, आणि प्रत्येक वेळी ती उभी राहिलेली पाहून क्षितिजाच्या चेहऱ्यावर नवलाचा एक उजेड पसरत होता. रिकाम्या वाटणाऱ्या घरात कोणी हाक मारावी आणि आतून खरोखरच ओ यावी, तसा.

दुसऱ्या फेरीत रसिकाने तिचे पाय उचलले. दोघी सावकाश, अगदी सावकाश खाली आल्या. माझ्या डोळ्यांना तरी तसे दिसले. मग जमिनीवर एक लांब, निःशब्द गुंता; कुठला हात कोणाचा ते ओळखू येईना. रसिका तिच्या पाठीमागे होती. तिचा हात क्षितिजाच्या गळ्याभोवती आला आणि मिटला.

क्षितिजाने मला नंतर सांगितले, की तेव्हा आवाज आधी गेले. दिवे पाण्याखाली उतरल्यासारखे मऊ झाले. आजूबाजूचे सगळे फार दूर आणि फार स्वच्छ दिसत होते आणि भीती मुळीच वाटली नाही. आपण कुठे चुकलो तेवढे कळायला हवे होते आणि तेच आठवेना. मग तिने रसिकाच्या दंडावर हाताने थोपटले. या खेळात हार मानण्याची रीत ती आहे. वरून पाहणाऱ्याला ते मूल निजवण्यासारखे दिसते.

"हरली?" नीळकंठने विचारले.

"हो."

"बरी आहे ना पण?"

ती उठून बसली होती. ती हसत होती.

खालच्या मजल्यावरच्या बोळात सुधाकरराव आम्हाला गाठायला धावत आले. त्यांचे डोळे भरले होते, आणि मी म्हणते ते अश्रू खरे होते.

"नीळकंठराव, काही बिघडलेलं नाही. ही हार त्यांच्या खेळात मोजतात. बॉक्सिंगमधलं शून्य आपलं शाबूत आहे! उद्याच परत आणा तिला. आता झेपेल अशीच बघतो."

एवढ्यात कौस्तुभ आला. त्याच्या मागे कॅमेरा होता. "कुठंय मास्टरनी? दोन थेंब अश्रू आणि 'बदला' एवढा एकच शब्द हवाय. आणि काका, टेन्शन घेऊ नका. हे नाव फार चालतंय. त्याला असं हरू देऊन चालणार नाही. पुढची आम्ही सोपी देतो. झेपेल अशी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मिसरोदच्या बैठकीत ज्यांचे एका शब्दावर एकमत झाले नव्हते, ते दोघे आता एकच वाक्य उच्चारून उभे होते. एक अंडे जपत होता, एक पोस्टर. आतल्या मुलीचे मोल दोघांनाही सारखेच कमी वाटत होते. मला त्यांच्यावर ओरडायचे होते. मी विचारले, "तुम्ही दोघे भागीदारी का करत नाही?" आणि भयंकर गोष्ट अशी, की दोघेही विचारात पडले.

क्षितिजा तिच्या खोलीत नव्हती. कॅमेरावाले जिन्याकडे गेले. मी आणि नीळकंठ बोळाच्या दुसऱ्या टोकाला गेलो, जिथे खुर्च्यांच्या उतरंडी रचून ठेवल्या होत्या आणि एकच दिवा होता. त्या दिव्याखाली, हॉटेलच्या सतरंजीवर, दोन मुली जमिनीवर बसल्या होत्या. एकीचा ओठ सुजला होता, दुसरीचा डोळा मिटत आला होता.

"कुठं चुकलं माझं?" क्षितिजा विचारत होती. "तेवढं सांग. मला आठवतच नाही."

"हनुवटी वर ठेवलीस. बॉक्सिंगवाल्या सगळ्या ठेवतात पाठ फिरली की." रसिकाने मागून तिच्या गळ्याभोवती हात टाकला, आता अलगद. "हे बघ. हनुवटी आत घे. अजून आत. आता माझं मनगट धर. तिथं नाही, खाली. हां. आता निघ."

"नाही गं निघता येत."

"घाई का करतेस? पुन्हा कर."

नीळकंठ पुढे जाऊ लागला. मी त्याला थांबवले. जिन्याकडून कोणीतरी मास्टरनी, मास्टरनी अशा हाका मारत होते. क्षितिजाने हनुवटी आत घेतली, रसिकाचे मनगट शोधले आणि श्वास धरून पुन्हा वळू लागली.